ओळखीचा माणूस घरात हात उचलतो तेव्हा : नातलग, मित्र आणि शेजाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घरात बायकोवर हात उचलणारा माणूस गावाला बहुधा चांगला माणूस म्हणूनच माहीत असतो. कोणाच्या लग्नात तो रात्रभर जागतो, केळीची गाडी भरायला हाक मारली की धावून येतो, कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला भाऊबंदांच्या पंगतीत आग्रह करकरून वाढतो. त्यामुळे त्याच्याविषयी काही कानावर आले की 'तो तसा नाही' हेच वाक्य आधी तोंडात येते. आपला भाऊ, मेहुणा, मित्र, शेजारी किंवा कामावरचा सोबती घरात मारहाण करतो हे ज्यांना नुकतेच कळले आहे आणि आता नेमके काय करावे हे ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तुमच्या शब्दाला त्या माणसाजवळ वजन आहे, ते पोलिसांच्या किंवा परक्याच्या शब्दाला नाही. परंतु हे वजन तिला न विचारता वापरले, तर त्याची किंमत रात्री दार लागल्यावर तिलाच मोजावी लागते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांचा क्रम आधी ती आणि मग तो, असा आहे.

पहिली पायरी : जे दिसते ते मान्य करणे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात केवळ मारहाण येत नाही. शिवीगाळ, सतत अपमान, लैंगिक जबरदस्ती, तिची मजुरी किंवा पगार काढून घेणे, तिचे स्त्रीधन गहाण टाकणे, घरखर्चाला पैसे न देणे, घराबाहेर काढण्याची धमकी देणे हेही हिंसाचारच आहेत. त्यामुळे 'हात तर उचलत नाही ना' या प्रश्नावर चौकशी थांबवू नये.

खुणा लहान असतात. तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, किंवा फोन त्याच्याच हातात असतो आणि 'ती कामात आहे' असे उत्तर मिळते. कडक उन्हात ती पूर्ण बाह्यांचे पोलके घालते. त्याच्या पावलांची चाहूल लागताच ती अर्धे वाक्य टाकून उठते आणि मुलेही एकदम गप्प होतात. आपल्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सलग काही वर्षे एखाद्या लेकीला आखाजीला पाठवले जात नसेल आणि दरवेळी नवे कारण सांगितले जात असेल, तर माहेरच्यांनी ती बाब रुसव्याफुगव्यात न घालता स्वतः जाऊन तिला पाहून यावे.

दुसरी पायरी : तिच्याशी एकटीशी बोलणे

हे बोलणे त्याच्या घरात, सासूच्या समोर किंवा फोनवर करू नये. नळावर, शेतात निंदणीच्या वेळी, अंगणवाडीत मुलाला आणताना, दवाखान्याच्या रांगेत अशा ठिकाणी दहा मिनिटे मिळतात आणि सुरुवातीला तेवढी पुरतात. तुम्ही पुरुष असाल, तर शक्यतो तुमच्या बायकोने, बहिणीने किंवा आईने हे बोलावे. परपुरुषाशी बोलली एवढे निमित्तही पुढच्या मारहाणीला पुरते. ज्या बोलीत ती मोकळी होते त्या बोलीत बोलावे. अहिराणीत 'कशी शे वं?' असे विचारून गप्प बसले, तर शुद्ध मराठीतल्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त कळते.

विचारताना 'तू काय केलेस म्हणून त्याने मारले' असा प्रश्न कधीही विचारू नये. 'परवा रात्री आवाज आला, मला तुझी काळजी वाटली, तुला काही हवे आहे का', एवढे पुरेसे आहे. ती नाकारील, पहिल्या वेळी बहुतेक जणी नाकारतात. तेव्हा वाद न घालता 'ठीक आहे, पण केव्हाही ये, रात्री-अपरात्री दार वाजव' एवढे सांगून विषय तिथेच सोडावा. तिने सांगितलेच, तर तिच्यावर विश्वास ठेवावा, तिची चूक नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि ती पुढे काय करू इच्छिते ते विचारावे. 'सोडून दे त्याला' हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो, पण मुले, शेत, माहेरची परिस्थिती आणि पाठच्या बहिणींची लग्ने हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो आणि निर्णय तिचाच असला पाहिजे. सगळे निर्णय दुसऱ्यानेच घ्यायचे, याच त्रासातून ती जात आहे. तुम्ही तिच्यासाठी परस्पर ठरवू लागलात, तर त्यात तुमची भर पडते.

तिने सांगितलेले तुमच्या घरातही चर्चेला घेऊ नये. गावात गोष्ट ओट्यावरून ओट्यावर जायला एक संध्याकाळ लागते.

तिसरी पायरी : धोका किती आहे हे ओळखणे

काही गोष्टी कळल्या, तर वाट पाहण्यात जिवाचा धोका आहे असे समजावे. त्याने तिचा गळा दाबला असेल, तर बाहेरून वळ दिसत नसले तरी ते अत्यंत गंभीर आहे. आत इजा असू शकते आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. रॉकेल ओतण्याची, पेटवण्याची किंवा जिवे मारण्याची धमकी, कोयता किंवा कुऱ्हाड उगारणे, गरोदरपणात मारणे, तिच्यावर सतत पाळत ठेवणे, 'तू गेलीस तर मुलांना संपवीन किंवा मीच जीव देईन' असे बोलणे, ही सर्व त्याच प्रकारची चिन्हे आहेत. मारहाण पूर्वीपेक्षा वरचेवर आणि जास्त जोराची होत असेल, तर तेही याच यादीत धरावे.

आणखी दोन गोष्टी. ती घर सोडण्याच्या तयारीत आहे किंवा नुकतीच निघून आली आहे, हा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतो आहे हे त्याला त्या वेळी कळते. आणि कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधे असतात. ती घरात तिच्या किंवा त्याच्या हाताशी राहू नयेत, शेतातल्या खोलीत कुलपात राहावीत, यासाठी घरातल्या एखाद्या समंजस माणसाला विश्वासात घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर तिला एकटे सोडू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

चौथी पायरी : तयारी

ती आज निघणार नसली तरी एक पिशवी तयार असावी आणि ती तुमच्या घरी असावी. तिच्यात तिचे व मुलांचे आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, दवाखान्याचे जुने केसपेपर, थोडी रोख रक्कम आणि एक जोडी कपडे असावेत. मूळ कागद हलवले तर त्याच्या लक्षात येण्याची भीती असेल, तर मोबाइलवर फोटो काढून ते तुमच्याकडे ठेवावेत आणि तिच्या फोनमधून पुसून टाकावेत. मार लागला असेल, तर वळ व काळेनिळे डाग यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत आणि शासकीय रुग्णालयात नेल्यास 'पडले' असे न सांगता कोणी मारले ते सांगून तशी नोंद करून घ्यावी. या केसपेपरचा पुढे न्यायालयात मोठा आधार होतो.

गावातून तालुक्याला जाणारी शेवटची एसटी कधी सुटते आणि पहाटेची पहिली कधी, हे तिला व तुम्हाला तोंडपाठ असावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते, त्यामुळे जवळ थोडे पैसे असले तरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार गाठता येते. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा भागात पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते आणि फोनला रेंज नसते. तिथे रात्री कोणाच्या घरी थांबायचे आणि कोणाची मोटारसायकल घ्यायची हे आधीच ठरलेले असावे. आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा घरोघरी जाण्याचा अधिकार कोणाला खटकत नाही, म्हणून निरोप पोहोचवण्यासाठी त्यांच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही, मात्र त्या त्याच्या भावकीतल्या नाहीत ना, एवढे पाहावे.

मारहाण चालू असताना

११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. गाव, वाडा किंवा गल्ली, जवळचे मंदिर किंवा शाळा, आणि 'बाईला मारहाण चालू आहे, घरात लहान मुले आहेत' एवढे सांगितले की पुरे. कौटुंबिक हिंसाचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे अशी माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यास) देऊ शकतो, आणि ती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे २००५ च्या कायद्याचे कलम ४ सांगते. पोलीस येईपर्यंत दोघा-तिघांनी मिळून दार वाजवावे आणि विरजण मागावे, मोटर चालू राहिली आहे म्हणून सांगावे, कोणतेही निमित्त चालते. हेतू मार थांबवण्याचा आहे, त्याला धडा शिकवण्याचा नाही. हातात शस्त्र असेल तर एकट्याने आत शिरू नये.

पाचवी पायरी : त्याच्याशी बोलणे

तिची संमती असेल तरच हे बोलणे करावे. तिने 'नको' म्हटले, तर तिला घरातला माणूस तुमच्यापेक्षा जास्त कळतो हे मानून थांबावे. संमती मिळाल्यावरही तिने सांगितलेले काहीही उच्चारू नये. तुम्ही स्वतः जे पाहिले किंवा ऐकले तेवढ्यावरच बोलावे, म्हणजे 'तू बाहेर सांगतेस का' म्हणून तिला मार बसणार नाही.

वेळ सकाळची असावी आणि तो शुद्धीत असावा. ढाब्यावर, चार मित्रांत हा विषय काढला की तो एकतर हसण्यावारी नेतो किंवा अपमान झाला म्हणून घरी जाऊन सूड घेतो. त्याला ज्याचा मान आहे अशा एकाच माणसाने, मळ्यात किंवा रस्त्याने चालता चालता, थेट बोलावे : 'भाऊ, सोमवारी रात्री वहिनीच्या ओरडण्याचा आवाज मी ऐकला. तू मारलेस. हे मला मान्य नाही आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखे करणार नाही.' वाक्य लहान असावे आणि त्यात 'पण' नसावे.

त्यानंतर कारणे सुरू होतील. केळीला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले आहे, ती उलट बोलते, आईला विचारत नाही, दारूच्या नशेत झाले. कर्जाचे आणि भावाचे दुःख खरे असते, आणि त्यावर वेगळ्या दिवशी, वेगळी मदत जरूर करावी. परंतु ज्याला भाव पडल्याचा राग आहे तो व्यापाऱ्याला मारत नाही, ज्याला कर्जाचा राग आहे तो बँकेच्या साहेबावर हात उचलत नाही आणि कितीही प्यालेला असला तरी पोलीस दिसल्यावर त्याचा हात खाली येतो. म्हणजे हात आवरणे त्याला जमते. घरात तो आवरत नाही, कारण तिथे त्याला कोणी विचारणारे नाही. हे त्याला शांतपणे ऐकवावे, आणि तेवढ्यावर थांबावे. दारू सोडण्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक त्याला द्यावा आणि सोबत जाण्याची तयारी दाखवावी, मात्र दारू सुटली म्हणजे मारहाण सुटली असे धरून चालू नये. दारू न पिता मारणारे पुष्कळ आहेत.

तो रडेल, शपथ घेईल, 'पुन्हा नाही होणार' म्हणेल. शपथेला मान देऊ नये असे नाही, पण तिला 'आता तो सुधारला' असा निरोप तुम्ही देऊ नये. बदल खरा आहे की नाही हे काही महिन्यांच्या वागणुकीवरून दिसते : तो दोष तिच्यावर टाकणे थांबवतो का, तिचा फोन तिच्या हातात येतो का, तिच्या पैशांवर तिचा अधिकार राहतो का, ती माहेरी जाते तेव्हा तो चिडल्याशिवाय राहतो का. तोपर्यंत तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत राहावे, कारण कोणीतरी पाहत आहे या जाणिवेचाही अंकुश असतो.

मैत्रीचे काय, असा प्रश्न पडतो. माझे मत असे आहे की तिचा जीव धोक्यात नसेल आणि तो तुमचे ऐकत असेल, तर मैत्री तोडून त्याला फक्त त्याची पाठराखण करणाऱ्यांच्या हवाली करण्यापेक्षा जवळ राहून जाब विचारत राहणे अधिक उपयोगी पडते. मात्र त्याच्यासाठी खोटे बोलणे, तिच्याविरुद्ध साक्ष देणे, बायकांना मारण्याच्या विनोदावर हसणे आणि ती निघून गेल्यावर तिचा पत्ता शोधून देणे, या चार गोष्टी कोणत्याही मैत्रीत बसत नाहीत.

मारणारा तुमचाच मुलगा असेल, तर हे सर्व अधिक जड जाते. सासूने सुनेच्या बाजूने एकदा जरी दारात उभे राहून 'माझ्या घरात हे चालणार नाही' म्हटले, तर त्याचा परिणाम गावातल्या कोणाच्याही शब्दापेक्षा मोठा होतो. याउलट त्रासात सामील होणाऱ्या स्त्री नातलगांविरुद्धही या कायद्याखाली अर्ज करता येतो, हे २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे.

बैठक आणि पंच

आपल्याकडे असा प्रकार बाहेर आला की दोन्हीकडची माणसे सतरंजी टाकून बसतात, तिला सर्वांसमोर बोलायला लावतात, आणि शेवटी 'दोघांनीही सांभाळून घ्या' असे म्हणून तिला त्याच घरात पाठवतात. तिथे ती खरे बोलू शकत नाही, कारण रात्री तिला परत त्याच्याचकडे जायचे असते. तुम्हाला अशा बैठकीत बोलावले, तर तिची सुरक्षितता आधी आणि समेट नंतर, हा आग्रह तुम्ही धरावा, आणि तिला बोलायला लावण्याऐवजी प्रश्न त्याला विचारावेत. ही रीत खान्देशाला नवी नाही : १९७० च्या दशकात शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सर्वांसमोर जाब विचारला.

तिला किंवा तिची बाजू घेतली म्हणून तुम्हाला जातपंचायतीने वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर असे वाळीत टाकणे हा महाराष्ट्र सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, २०१६ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सहावी पायरी : कायद्याचा दरवाजा

सुरुवात १८१ या महिला हेल्पलाइनवरून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी वन स्टॉप सेंटरमधून करणे सोयीचे असते. तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकत्र मिळते. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी तिची हकीकत ऐकून घटनेचा अहवाल तयार करतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्जावर पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि तेथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेश मागायला सांगावे. मारहाणीस मनाई, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चासाठी पैसे आणि मुलांचा ताबा हे सर्व या एका अर्जात मागता येते. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध' असे सांगून तिला हाकलले जात असेल, तर सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या, पण ती संसार करून राहिलेल्या घरातही राहण्याचा हक्क मागता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याची समिती किंवा १५१०० हा क्रमांक यांच्याकडे विचारणा करावी. फौजदारी गुन्हा नोंदवायचा असेल, तर नवरा व सासरच्यांकडून होणाऱ्या छळासाठीच्या भारतीय दंड संहितेच्या पूर्वीच्या कलम ४९८-अ ऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागू आहे.

खान्देशातल्या असंख्य मुली सुरतेत दिल्या आहेत, आणि मजुरीसाठी ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांतही हे घडते. 'गुन्हा तिकडचा, तक्रार तिकडेच करा' असे सांगून कोणी परत पाठवले, तर ऐकू नये. ती आज जिथे तात्पुरती राहत असेल, म्हणजे नवापूर, शिरपूर किंवा चोपड्याच्या माहेरी, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि हद्द कोणाचीही असली तरी पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून ती पुढे पाठवली पाहिजे. ठाण्यात जाताना तिच्यासोबत एक शिकलेली, न घाबरणारी बाई जावी. हा बदल लहान वाटतो, पण समोरच्या माणसाची भाषा त्याने लगेच बदलते.

त्रास आई-वडिलांना होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांना होत असेल तर १०९८.

त्यानंतर

ती परत गेली, तर रागावू नये. अनेक जणी परत जातात आणि पुन्हा निघतात, आणि पहिल्या वेळी मदत करणारे माणूस 'मी सांगितले होते' म्हणून तुटले, तर दुसऱ्या वेळी तिच्याकडे दार वाजवायला जागा उरत नाही. पिशवी परत देऊ नये, ती तुमच्याकडेच राहू द्यावी.

न्यायालयाचा आदेश मिळाला असेल, तर त्याच्या प्रती काढून एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे, एक माहेरी आणि एक पोलीस पाटलांकडे ठेवावी. आदेश असताना तो दारात आला, वाटेत अडवले किंवा मुलांच्या शाळेत पोहोचला, तर समजावत बसू नये. संरक्षण आदेश मोडणे हाच गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, म्हणून तारीख-वेळ लिहून घ्यावी, ११२ लावावा आणि आलेल्या पोलिसांच्या हातात ती प्रत द्यावी.